सिडनहॅमचे कर्णेवाले पॉल व्हॉइग्ट



गेल्या वर्षीच्या गणपतीत आपल्या हॉलमध्ये स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत उभ्या केलेल्या त्या दोन लाकडी पेट्या आठवतात का? पुरुषभर उंच, वर निमुळत्या, खाली रुंद, ना पॉलिश ना काळं कापड. काहींना ती कपाटं वाटली. एका वहिनींनी तर एकीच्या आडोशाला ओल्या छत्र्या टेकवून ठेवल्या. मग आरती सुरू झाली, पेटी-तबल्याची साथ लागली आणि शेवटच्या रांगेतल्या आजोबांनी आवाज जरा कमी करा अशी खूण केली, तेव्हा सगळ्यांचं तिकडे लक्ष गेलं. कार्यक्रम संपल्यावर चार-पाच जण अॅम्प्लिफायर शोधत होते. तो टेबलाखाली होता. जेवणाच्या डब्याएवढा, एका बाजूला जेमतेम ५ वॉटचा.

त्याच्या आदल्या वर्षी काय झालं होतं ते जुन्या सभासदांना सांगायला नको. भाड्याने आणलेल्या सिस्टीमने ऐन आरतीत मान टाकली, आणि पुन्हा भाड्यासाठी एक पौंडसुद्धा मिळणार नाही असं खजिनदारांनी बजावलं. गरज पडली म्हणून मी करवत हातात घेतली. पण त्या पेट्यांची कल्पना काही माझी नाही. ती ज्यांची आहे ते गृहस्थ आपले जवळजवळ शेजारीच होते. आपल्या क्रॉयडनहून निघणारी १९७ नंबरची बस सिडनहॅम, फॉरेस्ट हिल करत पेकहॅमला जाते. या एका बसच्या रस्त्यावर त्या माणसाचा जन्म झाला, पहिली नोकरी झाली आणि पुढे स्वतःचा कारखानाही इथेच उभा राहिला. त्यांचं नाव पॉल व्हॉइग्ट. हाय-फायचा नाद असलेल्या जगभरच्या लोकांना हे नाव पाठ आहे. आपल्या भागात मात्र मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणालाही ते माहीत नव्हतं, म्हणून हा लेख.

पूर्ण नाव पॉल गुस्टावस अॅडॉल्फस हेल्मुट व्हॉइग्ट. जन्म ९ डिसेंबर १९०१, आईवडील जर्मन. म्हणजे हा मुलगा आपल्या मुलांसारखाच, इथे जन्मलेला पण नावावरून लगेच ओळखू येणारा. ते १३ वर्षांचे असताना, मे १९१५ मध्ये, लुसिटानिया जहाज बुडवल्याच्या रागात लंडनभर जर्मन नावांच्या दुकानांवर हल्ले झाले. बेकऱ्या, खाटिकांची दुकानं फोडली गेली. पुढे १९१७ साली खुद्द राजघराण्याने आपलं जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं. त्या काळात कित्येक कुटुंबांनी इंग्रजी आडनावं धारण केली. व्हॉइग्ट यांनी केली नाहीत. पुढे आयुष्यभर त्यांच्या लेखांवर आणि पेटंटांवर पी. जी. ए. एच. व्हॉइग्ट अशी चारही आद्याक्षरं मिरवत राहिली. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपल्यातले किती जण ऑफिसात नाव छोटं करून सांगतात!

शिक्षण डलिच कॉलेजात आणि मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, इंजिनियरिंगची पदवी १९२२ ची. त्याच वर्षी पेकहॅमच्या एडिसन बेल या रेकॉर्डच्या कारखान्यात ते नोकरीला लागले. तेव्हा रेकॉर्डिंग कसं होत असे? गायक एका भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून जिवाच्या आकांताने गायचा, त्या आवाजाच्या जोरावरच सुई हलायची आणि मेणावर रेघ उठायची. वीज नाही, माइक नाही. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानच्या रेकॉर्डी निघाल्या त्या अशाच. हे समजून घ्यायचं असेल तर मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या दोन काळांतल्या रेकॉर्डी लागोपाठ ऐका. १९०५ च्या सुमाराच्या आणि १९३० नंतरच्या. पहिल्या रेकॉर्डींत गळा जणू भिंतीपलीकडे आहे, दुसऱ्यांत तो खोलीत आलेला आहे. मधल्या काळात माइक आणि व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आले होते.

एडिसन बेलमध्ये हा बदल घडवण्याचं काम व्हॉइग्ट यांच्याकडे आलं. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांची यंत्रं वापरायची तर परवान्याचे पैसे मोजायला लागत. मालकांना ते नको होतं. तेव्हा या तरुणाने माइकपासून कटिंगच्या यंत्रापर्यंत सगळं स्वतःच बांधलं. १९२४ मध्येच त्यांनी एक विलक्षण पेटंट घेतलं होतं. स्पीकरचा पडदा प्रत्यक्षात कसा हलतोय याची खबर अॅम्प्लिफायरकडे परत पाठवायची आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची. ज्याला आज फीडबॅक म्हणतात, तीच ही कल्पना. तिचा गवगवा पुढे अमेरिकेत झाला, वेगळ्या नावांनी. व्हॉइग्ट यांच्या बाबतीत असं पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रेकॉर्ड चांगली झाली, पण ती ऐकायची कशावर? १९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्यासारखा स्पीकर लोकांपुढे आणला. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला तारेची गुंडाळी, गुंडाळीभोवती चुंबक. व्हॉइग्टही इकडे त्याच वाटेवर होते. पण एक अडचण सगळ्यांचीच होती. व्हॉल्व्हमधून मिळणारी ताकद फार थोडी आणि फार महाग. घरच्या चांगल्या सेटमधला एक पीएक्स-४ व्हॉल्व्ह तीनेक वॉट देई, आणि तेवढ्यासाठी लोक महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा घालवत. जास्त जोराचा आवाज हवा तर दोन रस्ते होते. एक, आणखी व्हॉल्व्ह, आणखी ट्रान्सफॉर्मर, आणखी पैसे. दुसरा, जी तीन वॉट आहेत त्यांतली वाया जाणारी वाचवायची. व्हॉइग्ट यांनी सगळं आयुष्य दुसऱ्या रस्त्यावर घालवलं.

वाया किती जातात हे कळलं तर आश्चर्य वाटेल. आपल्या दिवाणखान्यातला नेहमीचा छोटा स्पीकर मिळालेल्या विजेतली अर्धा टक्कासुद्धा आवाजात बदलत नाही. बाकी सगळी उष्णता होऊन गुंडाळीत मरते. पाठीवरच्या कागदात बघा, एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल ते लिहिलेलं असतं. ८६ लिहिलं असेल तर तो सर्वसाधारण. ९५ असेल तर तोच आवाज त्याला आठव्या हिश्श्याच्या ताकदीत काढता येतो, कारण दर ३ डेसिबलला लागणारे वॉट निम्मे होतात. माझ्या डब्याएवढ्या अॅम्प्लिफायरचं एवढंच गुपित. त्याचे ५ वॉट म्हणजे साध्या स्पीकरवर ४० वॉट.

व्हॉइग्ट यांनी यासाठी पहिलं काम केलं ते चुंबकाचं. चुंबक जितका जबर तितका गुंडाळीला मिळणारा धक्का मोठा. तेव्हा आजच्यासारखे कायमचे ताकदवान चुंबक नव्हते, म्हणून त्यांनी विजेवर चालणारे प्रचंड चुंबक बनवले, हाताला न उचलणारे. वर वर पाहता हा उधळेपणा वाटतो. पण चुंबकाला लागणारी वीज भिंतीतल्या मीटरमधून येते, ती स्वस्त. आवाजाची वीज व्हॉल्व्हमधून येते, ती महाग. स्वस्त वीज भरपूर खर्च करून महाग वीज वाचवायची, असा त्यांचा हिशेब होता.

दुसरं काम कर्ण्याचं. आपल्याला तुतारी माहीत आहे. वाजवणाऱ्याचे ओठ तुतारीशिवाय नुसते फुरफुरले तर शेजारच्यालाही ऐकू येणार नाही. तेच ओठ तुतारीला लावले की आवाज वाड्याबाहेर जातो. तुतारी स्वतः काही ताकद घालत नाही. शंकू जड असतो, हवा हलकी असते, आणि जड वस्तूने हलक्या हवेला ढकलायचं म्हणजे पंख्याच्या काडीने पाणी ढवळण्यासारखं आहे. कर्णा हळूहळू रुंद होत जातो आणि त्या शंकूला हवेवर नीट पकड मिळवून देतो. लग्नाच्या मांडवावर, देवळाच्या शिखरावर, निवडणुकीच्या जीपवर आपण जे कर्णे बघत मोठे झालो ते याच कारणासाठी होते. मुंबईच्या शिकागो रेडिओवाल्या मोटवानींनी काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवले तेही व्हॉइग्ट यांच्याच काळात.

पण देवळावरचा कर्णा कसा किंचाळतो! व्हॉइग्ट यांचा प्रश्न तिथे होता. कर्ण्याचा आकार नेमका कसा वळला तर आवाज मोठा होईल पण नाकातून येणार नाही? त्यांनी असा विचार केला की कर्ण्यातली आवाजाची लाट सपाट नसते, ती फुग्यासारखी पुढे फुगलेली असते आणि कडांना काटकोनात टेकलेली असते. मग कर्ण्याची भिंत अशी हवी की ही फुगीर लाट सगळीकडे सारख्याच गोलाईने सरकेल आणि शेवटी अडखळल्याशिवाय मोकळी होईल. असा वाक गणितात आधीच होता. मूल सरळ फूटपाथवरून चालतंय, हातात ताठ ओढलेली दोरी आहे आणि बाजूच्या गवतावर ठेवलेली खेळण्यातली गाडी दोरीमागून फरफटत येतेय अशी कल्पना करा. गाडी गवतात जी वाकडी रेघ काढेल तो वाक म्हणजे ट्रॅक्ट्रिक्स. १७ व्या शतकात ह्युजेन्सने त्याचा अभ्यास केला होता. व्हॉइग्ट यांनी १९२० च्या दशकात तो कर्ण्यासाठी वापरला आणि पेटंट घेतलं. आज महागड्या कर्ण्याच्या स्पीकरांच्या जाहिरातीत हा शब्द दिसला तर तो पेकहॅमच्या त्या कारखान्यातून आलेला आहे हे लक्षात ठेवा.

हे कर्णे आधी सिनेमागृहांकडे गेले. बोलपट आले होते, पडद्यामागे एवढ्या मोठ्या हॉलला पुरेल असा आवाज हवा होता आणि अॅम्प्लिफायर तर तेवढेच. (आपला पहिला मराठी बोलपट, प्रभातचा अयोध्येचा राजा, १९३२ चा.) पण १९३० नंतरच्या मंदीत रेकॉर्डचा धंदा बसला आणि १९३३ मध्ये एडिसन बेल बुडाली. व्हॉइग्ट ३१ वर्षांचे होते. त्यांनी दुसरी नोकरी शोधली नाही. सिडनहॅमला सिल्व्हरडेल नावाच्या रस्त्यावर व्हॉइग्ट पेटंट्स ही स्वतःची छोटी कंपनी काढली. गंमत म्हणून सांगतो, आपलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ त्याच्या आदल्याच वर्षी, १९३२ ला स्थापन झालं.

सिडनहॅम तेव्हा मोठं गमतीचं ठिकाण असणार. टेकडीवर क्रिस्टल पॅलेस, त्यात टेलिव्हिजनवाले जॉन लोगी बेअर्ड यांची प्रयोगशाळा, बेअर्ड राहायलाही तिथेच क्रेसेंट वुड रोडवर. आणि खाली व्हॉइग्ट आपल्या कर्ण्यांत. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री क्रिस्टल पॅलेस जळून गेला तेव्हा ज्वाळा मैलोगणती दिसल्या.

घरासाठी व्हॉइग्ट यांनी जे बनवलं ते माझ्या मते त्यांचं सगळ्यात चतुर काम. सिनेमाचा कर्णा घरात मावत नाही. खालचा, म्हणजे ढोलाचा, पखवाजाच्या धूमचा आवाज कर्ण्यातून काढायचा तर कर्णा खोलीएवढा लागतो. मग त्यांनी खोलीच कर्णा म्हणून वापरली! खोलीचा कोपरा घ्या. दोन भिंती आणि जमीन तिथे मिळतात आणि बाहेर रुंदावत जातात. त्या कोपऱ्यात स्पीकर बसवला की भिंती कर्ण्याचं उरलेलं काम फुकट करतात. १९३४ मध्ये त्यांचा हा घरगुती कोपऱ्याचा कर्णा बाजारात आला. शंकूच्या पुढच्या बाजूने वरचे सूर ट्रॅक्ट्रिक्स कर्ण्यातून निघत. मागच्या बाजूचा आवाज, जो बाकीचे लोक पेटीत कोंडून मारून टाकत, तो त्यांनी एका निमुळत्या लांब नळीतून फिरवून खालच्या सुरांसाठी बाहेर काढला. शिवाय मोठ्या शंकूच्या मध्यभागी एक छोटा शंकू चिकटवला. बारीक सूर आले की मोठा शंकू सुस्तावतो आणि छोटा काम करतो. हा दुहेरी शंकूही त्यांचाच. जुन्या मोटारींच्या दारांतले स्पीकर आठवा, मध्ये छोटी कागदी वाटी असायची, तीच ती.

त्या मागच्या निमुळत्या नळीलाच आज घरी स्पीकर बांधणारे लोक व्हॉइग्ट पाइप म्हणतात. आपल्या हॉलमध्ये होत्या त्या या. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एक ठराविक सूर धरते, तसंच हे. एका टोकाला बंद नळी तिच्या लांबीच्या चौपट लाटेला साथ देते. सरळ नळी १.८ मीटर असेल तर तो सूर साधारण ४८ हर्ट्झचा. निमुळती केली की सूर थोडा वर सरकतो, पण नळीचं घुमणं एकाच सुराला धरून राहत नाही, पसरतं, आणि लाकडी पेटीतून येणारा तो एकसुरी भोंगा कमी होतो. स्पीकर कुठे बसवायचा यातही युक्ती आहे. अगदी टोकाला बसवला तर नळीचे वरचे नको असलेले सूरही जागे होतात. बंद टोकापासून सरळ नळीत एक-तृतीयांशावर आणि निमुळत्या नळीत आणखी पुढे, जवळजवळ निम्म्यावर बसवला की त्यांतला सगळ्यात त्रासदायक सूर गप्प राहतो.

माझा खर्च सांगतो, कारण तेच सगळे विचारतात. जुने ८ इंची, दुहेरी शंकूचे दोन स्पीकर मला कार बूट सेलमध्ये १५ पौंडांना मिळाले, धूळ आणि एका कोळ्यासकट. १८ मिलिमीटर प्लायवुडच्या दोन शीट लागल्या. दीड शीट पुरली असती, पण दुकानात अर्धी देत नाहीत. उरलेल्यातून गणपतीचं मखर झालं, म्हणजे तेही वाया नाही. शीट दुकानातच सरळ कापून घेतली. तिरकी कापणी मात्र घरी केली आणि तिथेच चुकलो, एक बाजू ६ मिलिमीटर आखूड झाली. फटीत लाकडाचा भुसा आणि गोंद भरला. नळीच्या वरच्या बंद टोकात जुन्या गोधडीतला कापूस हलका पसरून ठेवला. घट्ट कोंबायचा नाही, नाहीतर खालचा आवाजच मरतो. क्रॉसओव्हर वगैरे भानगड नाही, तार सरळ स्पीकरला. बाजारात नवीन ८ इंची फुल रेंज स्पीकर घ्यायचे तर खर्च वाढेल, पण विकत घेताना वॉट किती झेलतो हे बघू नका. एक वॉटला डेसिबल किती ते बघा. ९३ च्या वर असेल तर घ्या.

दोषही सांगायला हवेत. फार खालचा आवाज यातून येत नाही, सिनेमातले स्फोट ऐकायचे तर ही पेटी तुमच्यासाठी नाही. दुहेरी शंकू थेट तुमच्या कानाकडे रोखला तर स आणि श टोचतात, म्हणून पेट्या जरा बाजूला वळवाव्यात. आणि आपल्यासारख्या जोडघरांत राहणाऱ्यांनी कोपरा निवडताना विचार करावा. मी पहिल्या दिवशी सामाईक भिंतीचा कोपरा धरला. भीमसेनजींची तान शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात, जवळजवळ कमी न होता पोचली. शेजारी सभ्य आहेत, दार वाजवून फक्त गायक कोण म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी पेट्या खिडकीच्या बाजूला नेल्या.

व्हॉइग्ट यांच्याकडे परत येतो. त्यांच्या कर्ण्याचं कौतुक करणारे लोक पुष्कळ होते, विकत घेणारे थोडे. हातांनी बनवलेली, जड, मोठी, महाग वस्तू. वॉट वाचवण्यासाठी केलेला खटाटोप सामान्य माणसाच्या खिशाला परवडला नाही, हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं कोडं आहे. त्यांच्या जमेला शेवटी तीसेक पेटंटं होती. पण पेटंट म्हणजे पैसे नव्हेत. छोट्या माणसाला कोर्टात जाऊन ती राखणं परवडत नाही, आणि काही वर्षांनी मुदत संपली की ती सगळ्यांची होतात. मग १९३९ चं युद्ध आलं. लोखंड, तांबं, माणसं, सगळं लढाईकडे गेलं. सिडनहॅमच्या छोट्या कारखान्यात घरगुती संगीतासाठी कर्णे बनवायला वाव राहिला नाही, आणि त्यांची प्रकृतीही ढासळली.

त्यांचं काम बुडालं नाही याचं श्रेय शेजारच्या ब्रॉम्लीला जातं. तिथल्या लोथर नावाच्या छोट्या कंपनीशी त्यांचा आधीपासून संबंध होता. युद्धानंतर तोवर आलेले कायमचे ताकदवान चुंबक वापरून लोथर-व्हॉइग्ट नावाने त्यांचा स्पीकर पुन्हा बनू लागला. पुढे डोनाल्ड चेव्ह यांनी तो आणखी सुधारला. मालकाच्या नावातलं व्हॉइग्ट हळूहळू गळालं, लोथर राहिलं. जपानपासून अमेरिकेपर्यंत लोक लोथरच्या स्पीकरांसाठी वेडे झाले, आणि छोट्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरवर ते वाजवणाऱ्यांची जमात आजही आहे.

व्हॉइग्ट स्वतः तेव्हा इथे नव्हते. १९५० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, ते कॅनडाला निघून गेले. टोरोंटो. हे वाचताना मी जरा थांबलो. त्यांच्या आईवडिलांनी देश सोडला होता, आता त्यांनी सोडला. आपल्यातले बहुतेक जण पंचविशीत-तिशीत आलो, हाताशी डिग्री आणि पुढे अख्खं आयुष्य. ४८ व्या वर्षी, २८ वर्षांचं काम मागे ठेवून जाणं वेगळं. तिथे स्पीकरचा धंदा पुन्हा उभा राहिला नाही. त्यांनी इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, नंतर ओटावाला सरकारी रेडिओ प्रयोगशाळेत नोकरी केली, १९६९ च्या सुमारास निवृत्त झाले. कर्ण्यांचा विषय त्यांनी जवळजवळ सोडूनच दिला होता.

त्याच काळात इकडे जगाने त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी छोट्या बंद पेटीचा स्पीकर आणला. पुस्तकाच्या कप्प्यात मावणारा, खालचा आवाज उत्तम, पण वॉट खाणारा. ट्रान्झिस्टर आल्यावर वॉट स्वस्त झाले, मग वाचवायचे कशाला? १९५८ पासून स्टीरिओ रेकॉर्डी आल्या आणि एक नव्हे, दोन स्पीकर लागू लागले. दोन कोपरे रिकामे असलेला दिवाणखाना कोणाकडे असतो? व्हॉइग्ट बरोबर होते की चूक असा वाद हाय-फायवाले घालतात. मला वाटतं ते त्यांच्या काळातल्या किमतींना बरोबर होते, आणि किमती बदलल्या. आज हॉलमध्ये ८० माणसांना आरती ऐकवायची आणि खिसा रिकामा अशी वेळ आली की त्यांची वही पुन्हा उघडावी लागते.

उतारवयात त्यांनी सगळं लक्ष भौतिकशास्त्राच्या मूळ प्रश्नांकडे वळवलं. गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, विद्युत आणि चुंबकत्वाच्या मुळाशी काय आहे, यावर ते एकटेच विचार करत राहिले. शास्त्रज्ञांच्या जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. १९८१ च्या फेब्रुवारीत ऑन्टारिओतल्या ब्रायटन नावाच्या लहान गावी त्यांचं निधन झालं. वय ७९. तोवर घरी स्पीकर बांधणाऱ्यांच्या नव्या पिढीने त्यांची जुनी पेटंटं शोधून काढायला सुरुवात केली होती. पाइपची मुदत केव्हाच संपलेली, कोणीही बांधावा, कोणाला एक पैसा द्यायला नको.

एका शनिवारी १९७ पकडून मी मुद्दाम सिल्व्हरडेलला जाऊन आलो. शांत रस्ता आहे, झाडं आहेत. मी थोडा वेळ इकडून तिकडे फिरलो, मग पाऊस आला आणि परत निघालो.

पेट्या सध्या आमच्या पुढच्या खोलीत आहेत, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाला पुन्हा हॉलवर येतील. ज्यांना मापं हवी आहेत त्यांच्यासाठी मी त्या दिवशी कागदावर काढून आणीन, ६ मिलिमीटरची चूक दुरुस्त करून. दोघा-तिघांनी एकत्र शीट घेतल्या तर वाया कमी जाईल. आणि वहिनी, छत्र्यांसाठी दाराजवळ स्टँड आहे.